मामांची यादी

माझ्या मामांनी आयुष्यात कुणावरही विश्वास ठेवला नाही, आणि याच गुणावर त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. नोकरी अशी की पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकावर कुठली वस्तू कुठे आहे, हे जमिनीवर खुर्चीत बसून सांगायचं.

वर पाच माणसं राहतात. त्यांच्यासोबत चाळीस हजारांच्या वर वस्तू राहतात, आणि तिथली वस्तू ठेवल्या जागी राहत नाही. चमचा हातातून सुटला की खाली पडत नाही, तो निघतो. नशीब असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी हवा ओढणाऱ्या जाळीवर चिकटलेला सापडतो, नाहीतर एखाद्या पिशवीमागे चार महिने दडून बसतो. म्हणून प्रत्येक वस्तू पिशवीत, पिशवीला नंबर, नंबर यादीत, आणि यादी मामांच्या ताब्यात. वरून आवाज यायचा की नखं कापायचं यंत्र सापडत नाही, आणि मामा यादी न बघता सांगायचे, मधली खोली, उजवी भिंत, चौथा कप्पा, पण परत ठेवल्याचा फोटो पाठवा.

तो फोटो ही मामांची खासियत. "ठेवलं जागेवर" असं कुणी म्हणालं की मामांच्या कपाळावर आठी पडायची. वरच्या खोल्यांचं चित्रण ते रोज सकाळी चहा पीत बघायचे. कुठली पिशवी फुगली आहे, कुठल्या कप्प्याची पट्टी तिरकी लागली आहे, सगळं टिपायचे. एकदा त्यांनी एका प्रवाशाला सगळ्यांदेखत विचारलं होतं, की मंगळवारपासून तुमच्या झोपायच्या पिशवीचा पाय जाड का दिसतोय. आत चॉकलेटची बारा पाकिटं निघाली, सगळ्यांच्या वाट्याची. त्या माणसाला वीर म्हणून शाळांमधून बोलावणी यायची, आणि मामा त्याचं नाव निघालं की फक्त "चॉकलेट" म्हणायचे.

मी त्याच विभागात लागले ती परीक्षा देऊन, पण मामांना वाटायचं लोक म्हणणार भाची म्हणून लावली. म्हणून त्यांनी मला ऑफिसात मामा म्हणायची बंदी केली, आणि माझ्या कामात इतरांपेक्षा दुप्पट खोट काढली. माझी आई त्यांची धाकटी बहीण. मी रडत घरी गेले की ती म्हणायची, "अगं, लहानपणी तो बिस्किटाच्या पुड्यालासुद्धा खूण करून ठेवायचा. तुझ्यावर राग नाही गं, तो जगावरच आहे." याने माझं समाधान व्हायचं नाही. अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले, आणि एकदाही त्यांनी माझी बेरीज पुन्हा न तपासता पुढे पाठवली नाही.

स्थानक म्हातारं होत गेलं. आणखी चार वर्षांनी ते हळूहळू खाली आणून लांबच्या समुद्रात पाडायचं ठरलं. त्यानंतर वर राहायचं तर कंपन्यांच्या नव्या, छोट्या स्थानकांवर, भाडं भरून. तिथल्या पिशव्या म्हणे आपण कुठे आहोत ते स्वतःच सांगणार, यादीवाल्या माणसाची गरजच नाही. मामांचं यावर मत असं, की जी पिशवी स्वतः खरं सांगते ती खोटंही स्वतःच सांगेल. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी यादी माझ्या हवाली केली आणि मी सही करत असताना पेनाकडे असं बघत राहिले, की जणू पेन त्यांचंच मी पळवणार होते. पेन माझं होतं.

माझ्या वाट्याला काम आलं ते उलटं. स्थानक रिकामं करायचं होतं. खाणं घेऊन वर जाणारं मालवाहू यान परत येताना कचऱ्याने भरायचं, आणि ते हवेत शिरताना जळून जातं. त्यात काय घालायचं हे मी ठरवायचं. मोडलेले पंखे, संपलेल्या गाळण्या, कधीच काढून टाकलेल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका. चौदा महिन्यांत मी तीन यानं भरून जाळली, आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती. मामांनी जपलेल्या वस्तूंवर काट मारताना जो आनंद व्हायचा, तो फार चांगल्या मनाचा नव्हता.

चौथं यान भरलं आणि त्याच आठवड्यात मागच्या खोलीतली हवा कमी व्हायला लागली.

कप्तानबाईंनी, म्हणजे वरच्या पाचजणांच्या प्रमुखांनी, कागदाचे बारीक तुकडे हवेत सोडून फट शोधून काढली. केसाएवढी होती, पण रोज वाढत होती. अशा फटी आधीही दोनदा पडल्या होत्या. त्या बुजवायला खास पेस्ट असते, तिच्या नळ्यांची तीन पाकिटं वर पाठवलेली होती. दोन वापरली होती. तिसरं, आठ वर्षांपूर्वी पाठवलेलं, माझ्या यादीप्रमाणे मधल्या खोलीत, छताच्या चौदाव्या कप्प्यात. कप्तानबाईंनी पाकीट काढलं, वर पेस्टचं लेबल होतं, फाडलं, तर आतून निघाल्या पळायच्या यंत्राच्या माहितीपुस्तिका. ते यंत्र सहा वर्षांपूर्वीच जाळलं होतं.

पेस्ट मिळाली नाही तर मागची खोली कायमची बंद करावी लागणार होती. स्थानकाला अधूनमधून वर ढकलणाऱ्या इंजिनाचा सगळा कारभार त्याच खोलीत. खोली बंद म्हणजे ढकलणं बंद, आणि मग समुद्रात पाडायची तारीख दोन वर्षं अलीकडे, याच हिवाळ्यात. नवी पेस्ट पोचायला चार महिने लागणार होते आणि फट तेवढी थांबणार नव्हती.

सकाळी नऊच्या बैठकीत सगळे एकमेकांकडे असे बघत होते, की मामांना तिथे फार बरं वाटलं असतं. आमच्या विभागाच्या प्रमुखांना संशय की वरच्यांनी पेस्ट भलत्याच कामाला वापरली आणि पाकीट भरून ठेवलं. कप्तानबाईंना संशय पॅकिंगवाल्यांचा. पॅकिंगवाले म्हणाले, आमच्याकडचं वजन तेव्हा बरोबर भरलं होतं, यादी कुणी बदलली ते बघा. यादी माझी. चौदा महिन्यांत तिला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. प्रमुख मला सरळ काही बोलले नाहीत, फक्त माझ्या टेबलाची किल्ली मागून घेतली.

मी खाली मान घालून कप्तानबाईंनी पाठवलेला पाकिटाचा फोटो मोठा करून बघत बसले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. चिकटपट्टीचं टोक आत दुमडलेलं होतं. आणि पट्टी जिथे पाकिटाला चिकटते त्या काठावर पेनाची एक बारीक तिरकी रेघ, अर्धी पट्टीवर, अर्धी पाकिटावर. कुणी उघडून पुन्हा चिकटवलं तर रेघ जुळणार नाही. अशी रेघ जगात एकच माणूस मारतो. तेव्हा पाकिटं जमिनीवर बांधली जायची आणि यादीवाला म्हणून मामा शेवटचा हात फिरवायला जायचे.

म्हणजे अदलाबदल वर झालीच नव्हती. मामांनी ती इथेच केली होती. आठ वर्षांपूर्वी, स्वतःच्याच यादीला फसवून.

मी प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, मग सोपं आहे, पेस्टच्या पाकिटात पुस्तिका, तर पुस्तिकांच्या पाकिटात पेस्ट. मी यादी उघडली. पुस्तिकांची पिशवी कचऱ्याच्या यानात होती. माझ्याच सहीने. यानाचं दार संध्याकाळी पाचला बंद होणार होतं, कारण खाण्याचं पुढचं यान निघालेलं होतं आणि त्याला हीच जागा लागणार होती. कचऱ्याच्या पिशव्या एकशे अठ्ठ्याऐंशी, ठासून भरलेल्या. सगळ्या काढायला दोन दिवस लागले असते. प्रमुखांनी सांगितलं की तीन वाजेपर्यंत एक नंबर द्या, एक पिशवी काढू, तेवढाच वेळ आहे.

पुस्तिकांच्या पिशवीचा नंबर माझ्या जिभेवर होता, पण मी तो उच्चारला नाही. अकरा वर्षं शेजारी बसले होते मी. मामा इतकं सरळ काही करतील, यावर माझा विश्वास बसेना. दुपारी एकला मी त्यांच्या घरी गेले.

चार महिने मी तिकडे फिरकले नव्हते. शेवटच्या भेटीत त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं, की माझ्या खुर्चीवर तुझा पहिल्या दिवसापासून डोळा होता. मामींनी साखळी लावूनच दार उघडलं, मला बघून साखळी काढली आणि स्वयंपाकघरात ओढत नेलं. तिथे त्या हळू आवाजात जे बोलल्या ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांपासून मामा वस्तू लपवतात, कुठे लपवली ते विसरतात, आणि मग चोर शोधतात. किल्ल्या साबणाच्या पावडरीच्या डब्यात सापडल्या होत्या. मामींचा चष्मा जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणाले डॉक्टर तुझ्या बाजूचा आहे. मामी हसल्या, पण डोळे पुसून हसल्या. मला आमच्या भांडणाची लाज वाटली. खुर्चीवर डोळा, हे बोलणं बहुतेक तेव्हापासूनचंच होतं.

मामा खिडकीपाशी बसले होते. मी म्हटलं, स्थानकाला फट पडली आहे.

"तुला कोणी पाठवलं?"

प्रमुखांनी, असं मी सांगितलं. ते म्हणाले, मग पाडायचं ठरलेलंच आहे, आणि आता त्यांना एक कारण हवंय, ते माझ्या तोंडून हवंय. नव्या कंपन्यांचं चांगभलं व्हावं म्हणून हे चाललंय. मी कुठल्या कंपनीत जाणार आहे, तेही त्यांनी विचारलं. मी खरोखर चिडले. घड्याळात दीड वाजून गेला होता.

"मामा, कोणी पाडत नाहीये. तुम्ही पाडताय," मी म्हटलं आणि फोटो त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ त्या तिरक्या रेघेवर अंगठा फिरवला. मग म्हणाले, हे माझं आहे. आणि त्यानंतर ते इतकं सलग आणि स्वच्छ बोलले, की मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. वर कुणीतरी त्या पेस्टने एकदा कपाटाची सैल झालेली मूठ चिकटवली होती. मूठ! चांगली वस्तू दिसली की माणूस वापरतो, आणि वापरली की संपते. फटी तर पुढे पडणारच होत्या, धातूही थकतो. म्हणून शेवटच्या दिवसांसाठी एक पाकीट कुणाला दिसू नये असं ठेवलं. यादीत खरं लिहिलं असतं तर पहिल्या महिन्यातच कुणीतरी मागितलं असतं.

मी विचारलं, पुस्तिकांच्या पिशवीत ठेवलं ना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नवीन माणसाकडे बघावं तसं.

"चोर आधी तिथंच बघतो. मी काय इतका खुळा आहे?"

मग कुठे, मी विचारलं. ते तोंड उघडून थांबले. पुन्हा उघडलं. मग उठून टेबलाचा खण ओढला, दुसरा ओढला, त्यातले कागद उलटेपालटे केले. मी विचारलं, कुठे लिहून ठेवलंय का. ते म्हणाले, लिहिलेलं कुणीही वाचतं. पण हात खणातच फिरत राहिला. आपल्याला हवंय ते शोधून सापडणार नाही, हे त्यांना कळत होतं आणि ते मला कळू नये म्हणून ते शोधत होते. मामी पुढे आल्या आणि त्यांनी खण हळूच बंद केला.

"वास येतो अशा ठिकाणी," मामी म्हणाल्या. "किंवा कंटाळा येतो अशा. यांचं नेहमी तसंच असतं."

मी यादीतल्या कंटाळवाण्या पिशव्यांची नावं एकेक करून घेऊ लागले. जुन्या गाळण्या. मोडके पंखे. पडद्यांच्या पट्ट्या. मामा डोळे मिटून ऐकत होते. माप चुकलेले बूट, असं मी म्हटलं. एका प्रवाशासाठी पळायचे बूट पाठवले होते, ते लहान निघाले, पिशवी कुणी पुन्हा उघडली नव्हती. मामांनी डोळे उघडले.

"बूट," ते म्हणाले. "बुटांचं माप मीच चुकीचं लिहिलं. मुद्दाम." मग लगेच चेहरा पडला. "की मोजे? मोज्यांची पण एक पिशवी होती."

त्यांनी माझं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला असं कधी धरलं नव्हतं.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. उघडून बघ."

मी म्हटलं, एकच उघडता येणार आहे. त्यांनी मनगट सोडलं नाही. ते मीच सोडवून घेतलं.

जिन्यात उभं राहून मी प्रमुखांना फोन लावला. तीनला दहा मिनिटं कमी होती. बुटांची पिशवी, एकशे बारा नंबर, असं सांगितलं. प्रमुखांनी विचारलं, खात्री आहे का. मला खात्री नव्हती. मोजे डोक्यातून जात नव्हते, पुस्तिकाही जात नव्हत्या, आणि ज्याच्या शब्दावर मी हे करत होते त्या माणसाला सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं. मी "हो" म्हटलं. यादीच्या कामात मी सांगितलेलं ते पहिलं खोटं.

ऑफिसात पोचले तेव्हा कप्तानबाई यानात शिरून पिशव्या मागे ढकलत होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता. एकशे बारा सापडली. पट्टी सुटल्याचा आवाज आला. बूट आहेत, त्या म्हणाल्या. पांढरे, नवे. प्रमुख माझ्याकडे बघत होते आणि मी जमिनीकडे. उजव्यात काही नाही, कप्तानबाई म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, डावा जड आहे.

आता वर वजन कशालाच नसतं. पण हलवून बघितलं की जड वस्तू हाताला कळते. डाव्या बुटात मोज्यात गुंडाळलेल्या पेस्टच्या सहा नळ्या होत्या.

फट दुसऱ्या दिवशी बुजली. हवा जायची थांबली. पण प्रमुखांनी टाळ्या वगैरे वाजवू दिल्या नाहीत. ते म्हणाले, या माणसाने एक पाकीट लपवलं असेल तर दुसरं कशावरून नसेल. बरोबरच होतं. ज्या यादीवर सगळे डोळे मिटून चालत होते, तिच्यातली एक नोंद खोटी निघाल्यावर बाकीच्या चाळीस हजारांना काय अर्थ राहिला? फट उघडी असताना खाण्याचं यान थांबवायला कुणी तयार नव्हतं, आता त्याला आठ दिवस स्थानकामागे फिरत ठेवलं आणि कचऱ्याची एकूणएक पिशवी उघडायला लावली. याचा सगळा त्रास वरच्या पाचजणांना झाला, आणि त्यांनी मामांना ज्या शिव्या दिल्या त्या ध्वनिमुद्रणात आहेत. काट मारणारी मी होते, हेही मी लेखी दिलं. मला किल्ली परत मिळाली, पण आता माझ्या प्रत्येक पिशवीवर दुसऱ्याची सही लागते.

आठ दिवसांत आणखी सात वस्तू निघाल्या. पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा नवी झडप गाळण्यांच्या पिशवीत. दाराच्या रबरी कड्या पडद्यांच्या पट्ट्यांत. श्वासाच्या मुखवट्यांची दोन नवी पाकिटं, एक छोटा पंखा, तारेचं भेंडोळं, हवेचा दाब मोजायचं यंत्र, आणि दातदुखीच्या गोळ्या. सगळं असं, की म्हातारपणी लागेल. आधीच्या तीन यानांतून मी असं काय काय जाळलं असेल, ते मी मोजायचं ठरवलं आणि मोजलं नाही.

सातही वस्तूंची यादी स्वच्छ लिहून मी रविवारी मामांकडे गेले. मला वाटलं, त्यांना आवडेल. त्यांनी चष्मा लावला, मामींनी तो आधी शोधून दिला, आणि पेन्सिल घेऊन ते एकेक ओळ वाचू लागले. प्रत्येक ओळीपाशी थांबत होते. तिसऱ्या ओळीला मला कळलं, की यातलं काहीच त्यांना ओळखीचं वाटत नाहीये. हे सगळं ते पहिल्यांदा वाचत होते.

"हे कुणी लपवलं?" त्यांनी विचारलं.

मी मामींकडे बघितलं. मामींनी मान हलवली, सांगू नकोस म्हणून. मी म्हटलं, अजून कळलं नाही, शोधतोय.

मामांनी यादी पुन्हा वरपासून वाचली. त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी होती. पेन्सिलचं टोक प्रत्येक वस्तूवर टेकवत ते शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि तिथे त्यांचा हात थांबला.

"एकाच माणसाचं काम आहे," ते म्हणाले. "चोर नाहीये हा. चोर गोळ्या ठेवत नाही. वर कुणाचे तरी दात दुखतील, याची याला काळजी होती." मग त्यांनी आवाज खाली घेतला, मामींना ऐकू जाऊ नये म्हणून, आणि कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला. "जपून राहा गं. असा माणूस एकटा पडतो. याच्यावर लक्ष ठेव."